आडव्या बाटलीसाठी माहेरी आलेल्या लेकी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या बायकांनी तसं बजावलंय, आणि त्यांचं ऐकलेलं बरं असतं हे मला तीन दिवसांत कळलं. शिरूर तालुका, न्हावऱ्याच्या बाजूला, भीमेपासून फार लांब नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. आजूबाजूला ऊस, मधूनमधून झेंडूचे पट्टे, आणि गावाच्या कडेनं धनगरांच्या वस्त्या. ज्यांचे आजे मेंढरांमागं फिरले ते आता कांदा आणि भाजीपाला करतात.

मी गुहागरकडची. चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा. ग्रामपंचायतीचा धडा मला अजून पाठ आहे, पण गावचं मतदान आतून कसं असतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून मी शिताफीनं लपवून ठेवली होती.

पुण्यात माझ्या बहिणीच्या वरच्या खोलीत वांजिरू भाड्यानं राहते. ती केनियाची. नैरोबीजवळच्या शाळेत शिकवायची, आता इथं संशोधन करते. गोऱ्यांचं राज्य गेलेल्या देशांत लोकशाहीचं काय झालं आणि पुढं काय होईल, हा तिचा विषय. एका परिषदेत तिला कुणी विचारलं होतं, तुमच्यासारख्या देशांत लोकशाही रुजते का हो? तिनं हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "रुजते का म्हणजे? कलम बांधणारे ते, माती आमची, आणि आंबा धरला नाही की दोष मातीचा." तिनं ते वहीत लिहून घेतलं, त्यामुळे मी दिवसभर खुशीत होते.

त्याच सुमारास बहिणीच्या घराजवळच्या बाजारात भाजी आणि फुलं घेऊन येणाऱ्या इंदूबाईंनी आम्हा दोघींना आमंत्रण दिलं. इंदूबाई स्वतःची पिकअप स्वतः चालवतात. वांजिरूशी त्यांची मैत्री कोथिंबिरीवरून झाली होती. "पुस्तकात काय बघता? रविवारी आमच्यात बाटलीचं मतदान हाय. दोन दिस आधीच या. मला माणसं बी लागणार हायत," त्या म्हणाल्या.

बाटलीचं मतदान काय ते सांगते. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं असेल तर गावच्या बायका आपलं, फक्त बायकांचं, मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. इंदूबाईंच्या गावात हे मतदान एकदा घेऊन झालं होतं. आडवीला उभीच्या दुप्पट मतं पडली. बायकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले, हलगी लावून चावडीपर्यंत नाचत गेल्या. मग मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी नियम वाचून दाखवला. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीत नाव असलेल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. तेवढी नव्हती. कपाळावर गुलाल तसाच घेऊन बायका घरी गेल्या.

"म्हंजी जी बाई आली न्हाई, तिनं उभीलाच मत दिल्यावानी," इंदूबाई म्हणाल्या. "आन् न आलेल्या कोन? लग्न होऊन गेलेल्या लेकी. त्यांची नावं हितंच ऱ्हायली."

यादीतली ती नावं काढायला अर्ज केले होते. काही निघाली, बाकीचे कागद अजून फिरत होते. हेही मतदान फसलं तर पुन्हा वर्षभर मागता येत नाही. आणि इंदूबाईंची धाकटी स्वाती सातवीत होती. वस्तीवरून हायस्कूलला जायचा एकच रस्ता, आणि तो दुकानाच्या दारावरून जातो. थोरलीची शाळा त्या रस्त्यापायी आठवीत सुटली. सकाळी दहालाच तिथं माणसं आडवी झालेली असतात आणि जी उभी असतात ती त्याहून वाईट. स्वाती जूनमध्ये त्या रस्त्यानं जाणार की घरी बसणार, हे रविवारी ठरणार होतं.

शुक्रवार, कवठे येमाई

गेल्या वेळी लेकींना फोन केले होते. सगळीकडे एकच उत्तर आलं, बघू. या वेळी इंदूबाईंनी वेगळी तोड काढली. आपल्याकडे सणाला लेक आणायला मुराळी जातो, भाऊ नाहीतर घरातलं वडीलधारं माणूस, हातात शिदोरीची पाटी घेऊन. "फोनवर सासू बघू म्हणती. मुराळी दारात हुबा ऱ्हायला की बघू म्हणायची सोय न्हाई," हा त्यांचा सिद्धांत. चौतीस वर्षांत मला असा एकही सुचला नव्हता.

बहुतेक लेकींकडे त्यांचे भाऊच गेले. ज्यांचे भाऊ जाईनात अशा तिघी राहिल्या. त्यांच्यासाठी इंदूबाईंचे चुलत सासरे आप्पा मुराळी झाले. सत्तरीचे, तांबडा पटका, धोतर आणि पायात पांढरे बूट. मुराळी मागं बसत नसतो, असं म्हणून ते पुढं बसले. पाहुणी म्हणून वांजिरू पुढं. मग निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे मी, मागं झेंडूच्या पोत्यांवर. चढताना साडी टरकन फाटली, ती मी तीन दिवस पिना लावून नेसले.

माझ्यातली नागरिकशास्त्राची बाई गप्प बसेना. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "पण इंदूबाई, जी गावात राहत नाही तिनं इथं मत द्यावं का?"

"ऱ्हात न्हाई तर नाव काढा म्हनलं, काढलं का? मोजताना ती गावची, आन् मत देताना परकी, आसं कसं चालंल?"

मी चहा पिऊन घेतला. मनाला पुरतं पटलं नाही, अजूनही थोडं खटकतंच, पण चूक दाखवता येईना.

कवठे येमाईला संगीता दिलेली. घरापुढं शेवंती फुललेली, ओसरीवर फुलांचे क्रेट, आणि क्रेटांच्या राशीमागून संगीताची सासू आमच्याकडे रोखून पाहत होती. आप्पांनी पाटी खाली ठेवली, पटका सारखा केला आणि म्हणाले, "विहीणबाई, लेक न्यायला आलोय."

"सण कंचा?"

"मतदानाचा."

"त्यो कधीपसनं सण झाला?"

"औंदापसनं."

विहीणबाई हसल्या नाहीत. फुलांची तोडणी तोंडावर आलेली, बाया मिळत नाहीत, आणि तुम्ही दारूच्या बाटलीपायी सून न्यायला आलात, असं त्यांनी बराच वेळ ऐकवलं. आप्पा मान डोलवत राहिले. मग त्याच बाईंनी आम्हाला जेवायला बसवलं, कारण मुराळ्याला उपाशी पाठवायची रीत नाही. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी आणि ठेचा. आम्ही कोकणात याच हुलग्याला कुळीथ म्हणतो आणि पातळ पिठी करून भाताबरोबर जेवतो. त्या पिठाच्या वळ्या करून झणझणीत रश्श्यात शिजवता येतात हे मला साठी उलटल्यावर कळलं, याचं वाईट वाटलं. वांजिरूनं भाकरीचा तुकडा बोटांनी दाबून त्याचीच वाटी केली आणि रस्सा उचलला. तिच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली असाच खातात म्हणे. ठेच्यानं मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. विहीणबाईंनी तिला गुळाचा खडा दिला आणि तिथून त्यांचा नूर पालटला.

"हिच्या मुलखात लेकी मतदानाला माहेरी येत्यात का?" त्यांनी मला विचारलं. वांजिरू म्हणाली, येत नाहीत, पण ही पद्धत मी घरी जाऊन सांगणार आहे. ते ऐकून विहीणबाईंनी सुनेला हाक मारली. "जा बाई. सोमवारी सकाळी तोडनीला हजर पायजेस."

संगीता पोत्यांवर माझ्या शेजारी बसली. गावाबाहेर पडेपर्यंत डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि पडल्यावर चिमणीसारखी बडबडायला लागली.

शनिवार, कारेगाव

कारेगाव म्हणजे रांजणगावच्या कारखान्यांचं अंथरूण-पांघरूण. खोल्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक दारापुढं वेगवेगळ्या कंपनीचे शर्ट वाळत घातलेले. पाण्याच्या नळावर बिहार, विदर्भ, मराठवाडा एकाच रांगेत. ज्योती इथं एका खोलीत राहते, नवरा-बायको दोघंही सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ठेक्यावर. आम्ही गेलो तेव्हा ती शेजारणीशी बोलत होती. शेजारीण बिहारची. आम्ही का आलोय हे कळल्यावर ती म्हणाली, "हमारा नाम वहाँ है, हम यहाँ हैं. शादी के बाद से एक बार भी वोट नहीं डाला." तिनं आम्हाला सत्तूचं सरबत दिलं. हजार मैल लांब असलेल्या तिच्या नावाला आणायला कुठला मुराळी जाणार, हा विचार मला दिवसभर सोडेना.

ज्योतीचा भाऊ बाळू तिला आणायला का गेला नव्हता, ते मला तिथं समजलं. तो त्याच दुकानात काउंटरवर होता.

"काकी, मी न्हाई यायची," ज्योती म्हणाली. "दुकान बंद झालं तर बाळूचं काम जाईल. आन् मी आले तर समद्यांना कळंल मी काय केलं."

"कसं कळंल? पडदा असतोय," इंदूबाई म्हणाल्या.

"पडदा असला म्हनून काय झालं? गाव बाहेर बसून बघतंय की, कोन कुनासंगं आलं."

मी वांजिरूला सगळं इंग्रजीत समजावून सांगत होते. तिनं सरबताचा पेला खाली ठेवला आणि बोलायला लागली. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले.

ती म्हणाली, माझ्या आईनं पडदा नसलेलं मतदान केलंय. देश स्वतंत्र होऊन पाव शतक झालं होतं. सत्ता एकाच पक्षाची. त्यांनी मतपेट्याच काढून टाकल्या. ज्याला मत द्यायचं त्याच्या माणसामागं मैदानात रांगेत उभं राहायचं. आई जिच्यात उभी राहिली ती रांग आखूड होती आणि त्यात बायका तीन. मळ्याचा मुकादम समोर खुर्ची टाकून बसलेला. दुसऱ्या दिवशी आईला चहाच्या मळ्यावरच्या कामावरून काढलं. काही गावांत तर लांब रांग हरली आणि आखूड जिंकली असं जाहीर झालं. मग लोक भांडले, मार खाल्ला, आणि मतपेटी परत आणली. आई आता म्हातारी झालीय. मतदान करून आली की आम्ही विचारतो कुणाला दिलं, तर ती सांगत नाही. हसते फक्त. ते न सांगणं तिनं मिळवलंय.

ज्योतीनं सगळं ऐकलं. मग आप्पांनी आणलेली पाटी तिनं तशीच परत त्यांच्या हातात दिली. "मला न्यायला येऊ नका," एवढंच म्हणाली.

मुराळ्याची पाटी परत येणं ही आप्पांसाठी मोठी नामुष्की. परतीला ते मागं पोत्यांवर बसले, मी पुढं. वाटेत इंदूबाईच बोलल्या. "माझी आई मेंढरांमागं जल्मभर फिरली. जवा यादीवाला यायचा तवा ती कोकणात तरी असायची न्हाईतर नदीपल्याड. तिचं नाव कंच्याच यादीत न्हवतं, बाई. मेली तवा कुठनं कमी करायचं बी काम पडलं न्हाई." मी शाळेत शिकवायचे, इंग्रजांच्या काळी मत फक्त सारा भरणाऱ्याला आणि शिकलेल्याला होतं, आणि स्वराज्य आल्यावर एका फटक्यात सगळ्यांना मिळालं. खरंच आहे ते. पण पहिल्या यादीत कितीतरी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई, आणि ती नावं कापावी लागली होती. इंदूबाई त्या कापलेल्या आणि कधी न लिहिलेल्या नावांची लेक. त्यांना यादीतल्या एकेका नावाची एवढी ओढ का, हे मला त्या गाडीत समजलं.

रविवार, कुरकुंभ आणि परत

तिसरी शोभा, कुरकुंभच्या औषध कंपनीत पॅकिंगला. तिला रविवारीही पहिली पाळी होती, तीनला सुटणार. मतदान पाचला संपणार. सकाळी शाळेत मतदान सुरू झालं तेव्हा इंदूबाईंनी स्वतःचं मत पहिल्या पाचांत टाकलं आणि दुपारी आम्ही भीमा ओलांडून दौंडकडे निघालो. दौंडला रेल्वेच्या वसाहतीतली जुनी दगडी घरं वांजिरूला ओळखीची वाटली. त्यांच्याकडेही त्याच गोऱ्या साहेबांनी रेल्वे टाकलेली, तसेच पत्रे आणि तसेच व्हरांडे. मी म्हटलं, दारूच्या दुकानाचा परवाना देखील त्यांचीच देणगी आणि मतपेटीही. एक वापरून दुसरं बंद करायला मात्र आमच्या बायका लागल्या.

कुरकुंभला हवेत औषधाचा उग्र वास होता. शोभा गेटातून बाहेर आली, केसांवरची जाळी काढत. तिची सासू आमच्याआधीच गेटावर येऊन उभी होती, सुनेचा डबा आणि धुतलेली साडी घेऊन. "मुराळी येनार म्हनल्यावर गेटावनंच धाडते म्हनलं," ती म्हणाली. आप्पांची मान पुन्हा ताठ झाली.

पण भीमेच्या पुलावर उसाचे ट्रॅक्टर अडकलेले. एकाची मागची ट्रॉली कलंडून ऊस रस्त्यावर पसरलेला. चार वाजून गेले. इंदूबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि ऊस उचलायला लागल्या. मग आम्ही सगळ्याच. वांजिरू तर दोन-दोन मोळ्या उचलत होती, ट्रॅक्टरवाले तिच्याकडे बघत राहिले आणि मग लाजून कामाला लागले. शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा पाचाला सहा मिनिटं होती.

रांगेत अजून वीसेक बायका होत्या. आणि त्यांच्यात, कंपनीचा निळा शर्ट पंजाबी ड्रेसवर तसाच घातलेली ज्योती. एकटी आली होती, माणसं कोंबून धावणाऱ्या वडापच्या जीपनं. आमच्याकडे तिनं पाहिलं नाही. रस्त्यापलीकडे झाडाखाली दुकानाची चार माणसं उभी होती, त्यांत बाळू. तो तिच्याकडे पाहत होता. पाचला फाटक बंद झालं, रांगेतल्यांना शेवटाकडून चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, आणि ज्योती आपली पाळी आल्यावर पडद्यामागं गेली. बाहेर यायला तिला जरा वेळ लागला.

मोजणी दिवेलागणीपर्यंत चालली. साहेबांनी आकडा वाचायला तोंड उघडलं तशा इंदूबाई म्हणाल्या, "सायेब, आधी नियम वाचा." साहेबांनी नियम वाचला. मग यादीतल्या बायकांची संख्या, मग निम्मी किती, मग आडवीची मतं. सातांनी जास्त. त्यांनी सही करेपर्यंत कुणी हललं नाही. सही झाल्यावर हलगी सुरू झाली, आणि आप्पा पांढऱ्या बुटांनी नाचले. इंदूबाई शाळेच्या पायरीवर बसल्या आणि स्वातीला जवळ ओढून तिच्या वेणीवरून हात फिरवत राहिल्या. मी रडले. वांजिरूही रडली. मला त्या घटकेला त्या परिषदेतल्या माणसाला तिथं आणून उभं करावंसं वाटलं, आणि त्याला काही विचारू न देता पेढा द्यावासा वाटला.

दुकानाला कुलूप लागायला कागदोपत्री थोडे दिवस जातील, पण बाळूचं काम गेल्यातच जमा होतं. तो रस्ता ओलांडून फाटकाशी आला. हलगी थांबली. ज्योती आमच्यातून पुढं झाली.

"ताई, कशावर मारलास शिक्का?"

"सांगनार न्हाई."

"आगं, मी भाऊ हाय तुझा."

"म्हनूनच न्हाई सांगत."

इंदूबाई पायरीवरून उठल्या होत्या. मग बाळूनं कडेला लावलेली मोटारसायकल काढली, फडक्यानं मागची सीट पुसली आणि म्हणाला, "उद्या फर्स्ट शिफ्ट हाय ना तुझी? बस. कारेगावला सोडतो."

ज्योती त्याच्या खांद्याला धरून मागं बसली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.